ला पाझमधील पर्यटन

ला पाझ हे दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचे शासनकेंद्र असून ते अँडीज पर्वतराजीतील एका खोल दरीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६४० मीटर उंचीवर वसले आहे. देशाची घटनात्मक राजधानी सुक्रे असली तरी संसद व राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय येथे आहे. आलोन्सो दे मेन्दोसा याने १५४८ मध्ये या शहराची स्थापना केली. दरीच्या काठावरील विस्तीर्ण पठारावर एल आल्तो हे जुळे शहर असून आग्नेयेस इयिमानी (६,४३८ मी.) हे हिमाच्छादित शिखर दिसते.

== उंची आणि प्रकृती ==

येथील विमानतळ एल आल्तोच्या पठारावर, ४,०६१ मीटर उंचीवर आहे. त्यामुळे विमानाने येणारा प्रवासी शहरातील मुक्कामाच्याही वर उतरतो आणि डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश व धाप लागणे ही लक्षणे पहिल्याच दिवशी जाणवू शकतात. स्थानिक भाषेत या विकारास ‘सोरोचे’ म्हणतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, हलका आहार व भरपूर पाणी घेणे आणि मद्य टाळणे हिताचे असते. विश्रांती घेत असतानाही धाप लागल्यास किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेऊन कमी उंचीवर जावे लागते. कोकाच्या पानांचा काढा येथे सर्रास प्यायला जातो, परंतु तो उपचारांना पर्याय नव्हे. भारतात अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या (एनडीपीएस) कक्षेत कोकाची पानेही येतात. त्यामुळे त्यांची चहासारखी पाकिटे आठवण म्हणून सोबत आणू नयेत.

== दरी आणि पठार ==

अनेक शहरांत टेकडीवरील घरे श्रीमंतांची असतात; ला पाझमध्ये हा क्रम उलटा आहे. दरीच्या तळाकडे हवा उबदार आणि श्वसनास सोपी असल्याने संपन्न वस्ती दक्षिणेच्या सखल भागात आहे, तर ग्रामीण भागातून आलेली आयमारा कुटुंबे मोठ्या संख्येने वरच्या थंड, वाऱ्याच्या पठारावर स्थिरावली. ही रचना समजून घेण्याचे सर्वोत्तम साधन म्हणजे ‘मी तेलेफेरिको’ हे रोपवेचे जाळे. (यातील ‘मी’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘माझा’ असा आहे.) याची पहिली, लाल मार्गिका मे २०१४ मध्ये सुरू झाली. आज दहा मार्गिका असून एकूण लांबी ३० किलोमीटरहून अधिक आहे. पर्यटकांना ती सहल वाटत असली तरी प्रत्यक्षात ती कामावर जाणाऱ्यांची रोजची वाहतूक आहे, त्यामुळे गर्दीच्या वेळा टाळणे सौजन्याचे ठरते. लाल मार्गिका मुख्य दफनभूमीवरून जात एल आल्तोला पोहोचते. गुरुवारी व रविवारी तेथे भरणाऱ्या विशाल बाजारात जुन्या कपड्यांपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत सर्व काही विकले जाते; खिसेकापूंपासून मात्र सावध राहावे. परतताना पिवळ्या व हिरव्या मार्गिकेने दरीच्या तळापर्यंत उतरल्यास विटांच्या उघड्या भिंती मागे पडून बागा असलेली घरे दिसू लागतात.

== जुने शहर ==

प्लासा मुरियो या मुख्य चौकाला पेद्रो दोमिंगो मुरियो याचे नाव आहे. स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या उठावाबद्दल त्याला १८१० मध्ये फाशी देण्यात आली. संसदभवनावरील घड्याळाचे काटे २०१४ पासून उलट दिशेने फिरतात. घेरदार झगा आणि गोल टोपी घालणाऱ्या आयमारा स्त्रियांना (‘चोलिता’) एकेकाळी या चौकात मुक्तपणे वावरता येत नसे; आज हाच पेहराव शहराची ओळख म्हणून मिरवला जातो.

सान फ्रान्सिस्को चर्चच्या दर्शनी भागावर युरोपीय बारोक शैली आणि स्थानिक कोरीवकाम यांचा संगम आढळतो. चर्चमागील चढावर ‘चेटकिणींचा बाजार’ आहे. हे नाव दिशाभूल करणारे आहे. वाळवलेले लामाचे गर्भ, वनौषधी व रंगीत मिठाई ही पाचामामा अर्थात भूमातेला अर्पण करावयाची सामग्री असून, नव्या घराच्या पायात असा गर्भ पुरण्याची प्रथा आजही पाळली जाते. विक्रेत्यांची परवानगी न घेता छायाचित्रे काढणे अनुचित समजले जाते. दरवर्षी २४ जानेवारीला सुरू होणाऱ्या अलासितास जत्रेत लोक घर, वाहन, नोटा यांच्या चिमुकल्या प्रतिकृती विकत घेतात व त्या वर्षभरात खऱ्या व्हाव्यात अशी इच्छा धरतात.

== खाद्यपदार्थ ==

सालतेन्या ही रसदार सारणाची, भाजलेली करंजी सकाळीच खाल्ली जाते. जांभळ्या मक्याचे गरम ‘आपी’ हे पेय थंडीत लोकप्रिय आहे. या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंश सेल्सियसलाच उकळत असल्याने बटाटे व कडधान्ये शिजण्यास बराच वेळ लागतो.

== परिसर ==

पश्चिमेस तिवानाकु येथील प्राचीन अवशेष २००० पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहेत. युंगासकडे उतरणारा अरुंद ‘मृत्युमार्ग’ नवा रस्ता झाल्यापासून प्रामुख्याने सायकलस्वारांचा झाला आहे. तेथे अपघात अजूनही घडतात, म्हणून ब्रेक स्वतः तपासावेत.

चाकालताया पर्वतावर ५,३०० मीटरहून अधिक उंचीवर एकेकाळी स्कीइंग चाले. तेथील हिमनदी २००९ मध्ये पूर्णपणे नाहीशी झाली. पर्यटक आजही तेथे जातात. त्यांना दिसतो तो उघडा खडक आणि बंद पडलेले स्की केंद्र. आसपासच्या हिमनद्यांचे पाणी ला पाझच्या जलाशयांना मिळते. २०१६ च्या अखेरीस दुष्काळामुळे हे जलाशय आटले आणि शहराच्या अनेक भागांत पाणीकपात करावी लागली.