कविवर्य यशवंत : 'आई' आणि 'बंदीशाळा'

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या समाजातील जुन्या पिढीला कवी यशवंत यांचे नाव सांगावयास नको. 'आई' ही त्यांची कविता कित्येकांना तोंडपाठ आहे. आई नसलेले लेकरू चिमणीची पिले आणि गाईची वासरे पाहून व्याकुळ होते, एवढाच तिचा विषय. पण अम्मी म्हणणाऱ्या मुलालाही ती आपलीच वाटते. मात्र या एका कवितेच्या कीर्तीमुळे त्यांची दुसरी मोठी कृती झाकली गेली, असे आम्हांस वाटते. ती म्हणजे १९३२ साली प्रसिद्ध झालेले 'बंदीशाळा' हे खंडकाव्य होय.

यशवंत दिनकर पेंढरकर यांचा जन्म ९ मार्च १८९९ रोजी सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे झाला. शालेय शिक्षण सांगलीस झाले. तेथे कवी साधुदास यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे नोकरीच्या निमित्ताने ते पुण्यास आले आणि १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे एक प्रमुख कवी ठरले. कविता केवळ छापावयाची नसून ती लोकांसमोर गाऊन दाखवावयाची, हा प्रघात या मंडळींनी पाडला. यशवंत व गिरीश यांचे काव्यगायन ऐकण्यास लोक गर्दी करीत. ज्यांच्या घरी मुशायऱ्याची आवड आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

याच मंडळातील माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला आणि गझल मराठीत रुजविण्याचे श्रेयही त्यांचेच. म्हणजे आपल्या घरातील उर्दू-फारसीचा वारसा आणि शाळेतील मराठी कविता यांची गाठ पुण्यातच पडलेली आहे.

कवितेतून दीर्घ कथा सांगण्याची रीत फारसी-उर्दूत मसनवी म्हणून प्रसिद्ध आहे. मीर हसन यांची 'सहरुल बयान' ही राजपुत्राची व परीची कथा. मराठीतील खंडकाव्याने मात्र या काळात साध्या माणसाच्या घरात पाऊल टाकले. गिरीश यांचे 'अभागी कमल' १९२३ चे. यशवंतांनीही प्रथम 'जयमंगला' (१९३१) ही प्रेमकथा लिहिली, आणि दुसऱ्याच वर्षी ते राजवाडा सोडून एकदम तुरुंगाच्या दारात गेले!

'बंदीशाळे'चा विषय आहे गुन्हेगार ठरलेल्या अल्पवयीन मुलांचे येरवड्यातील जीवन. पौडवरून वाहणारी आपली मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि येरवड्याच्या कडेने पुढे जाते. मुळशी सत्याग्रहात (१९२१–२४) आपल्या तालुक्यातील माणसेही येरवड्याच्या तुरुंगात गेली होती. पण ती ताठ मानेने गेली. या काव्यातील मुलांजवळ तसा अभिमान कोठला? मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला होता. तथापि अशा मुलाकडे बिघडलेला पोर म्हणून न पाहता, कोणाच्या तरी पोटचे लेकरू म्हणून पाहावे, हे कायद्याने कसे शिकवावे? ते काम कवीने अंगावर घेतले. 'आई' कवितेतील पोरके मूल आणि बंदीशाळेतील मूल ही दोन निराळी मुले नव्हेत. शाळा सोडून गॅरेजात वा हॉटेलात राबणारा आणि रात्री कोठे जातो हे घरी ठाऊक नसलेला मुलगा आपल्या मोहल्ल्यातही असतो. पालकांनी हे पुस्तक वाचावे ते याचसाठी. भाषा जुन्या वळणाची आहे. विद्यार्थ्यांना काही शब्द अडतील, ते वडिलांनी किंवा गुरुजींनी समजावून द्यावेत.

लहानांसाठी त्यांनी 'मोतीबाग' हा बालगीतांचा संग्रह दिला. उर्दूत इस्माईल मेरठी यांनी जे केले, तेच हे काम. मोठा कवी मुलांसाठी लिहावयास बसला की त्याला कमीपणा येतो असे समजणारे लोक आहेत. यशवंत त्यांतले नव्हते.

पुढे त्यांना बडोद्याचे राजकविपद मिळाले, १९५० च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, आणि १९६८ साली 'छत्रपती शिवराय' हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी ते निवर्तले. मुलांना तुरुंगात ठेवू नये असे सांगणारा बालन्याय कायदा संसदेने त्यानंतर वर्षभरात, १९८६ साली केला.