वऱ्हाडातील आखाडा आणि वाशिमची व्यायामपरंपरा

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. गावाचा मान मात्र जुना आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म येथे होती, म्हणजे आजच्या वाशिमला. इंग्रजी अमलातही १९०५ पर्यंत बासिम हा स्वतंत्र जिल्हा होता. या भागातील व्यायामाचा इतिहास मात्र जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. तो सगळ्या वऱ्हाडाचा आहे, आणि विसाव्या शतकात त्याचे केंद्र अमरावती होते.

आखाडा बहुधा मारुतीच्या देवळाला लागून असे. एक पडवी किंवा टिनाची खोली, मधोमध हौदा, भिंतीशी मुद्गल, करेल आणि दगडी नाल, कोपऱ्यात मल्लखांब. हौद्यातली लाल माती चाळून घेत. तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळत, म्हणजे ती मऊ राहते आणि खरचटलेले चिघळत नाही. मल्लखांबाचा सागवानी किंवा शिसवी खांब एरंडेल लावून गुळगुळीत ठेवत. नवा पोरगा आला की त्याला लगेच कुस्तीला उतरवत नसत. आधी त्याने माती खोदायची, हौदा सारखा करायचा, मग जोर आणि बैठका. आकडा रोज थोडाथोडा वाढवायचा. पकड आणि डाव त्यानंतर. वस्तादाच्या पाया पडून आणि मातीला हात लावून हौद्यात उतरायचे, हा नियम थोरामोठ्यांच्या पोरांनाही चुकत नसे. नागपंचमीला आणि जत्रांतून कुस्त्यांचे फड लागत, गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लाठी, लेझीम आणि दांडपट्टा खेळत पथके निघत. वर्षभराची मेहनत अशा वेळी अख्ख्या गावासमोर येई.

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. पुढे ही विद्या मागे पडली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिला पुन्हा उभे केले. पेशवाई १८१८ मध्ये गेली आणि १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. शिपाईगिरीवर पोट भरणाऱ्यांचे दिवस संपले. त्यातच १८५७ नंतर सैन्यभरतीसाठी जातींची ‘लढवय्या’ आणि ‘बिगरलढवय्या’ अशी वर्गवारी रूढ झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रभर जी व्यायामाची चळवळ उभी राहिली, तिच्यामागे हा अपमान होता. आपण दुबळे नाही, हे आधी स्वतःला आणि मग राज्यकर्त्यांना पटवायचे होते.

वऱ्हाडात हे काम अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी केले. १९१४ मध्ये त्यांनी अमरावतीला सुरू केलेल्या आखाड्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. या संस्थेने गावोगावी पांगलेली विद्या एका छपराखाली आणली: कुस्ती, मल्लखांब, लाठी, जंबिया, योगासने, कबड्डी, खो-खो. शिवाय ती शिकवणारे शिक्षक तयार करण्यावर भर दिला. उन्हाळी वर्गांतून शिकलेला तरुण आपल्या गावी परतला की तिथे शिक्षण सुरू होई. एका शहरातल्या संस्थेचा परिणाम दूरच्या तालुक्यांपर्यंत पोचला, तो या मार्गाने. हुतात्मा राजगुरू यांनीही याच संस्थेत व्यायामाचे शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते.

१९३६ मध्ये मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि तिथे कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९४९ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचे खेळाडू होते. त्याच सुमारास बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत पुरा झाला. देशी व्यायामावर इतके सविस्तर काम मराठीत दुसरे नाही. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावच्या उभारणीचा विचार मांडताना व्यायामाला प्रार्थनेइतकीच जागा दिली. वऱ्हाडात त्यांचा शब्द घराघरांत मानला जाई.

या शिस्तीतून पोरांमध्ये जो धीटपणा येई, त्याचे स्पष्टीकरण आता मानसशास्त्रात सापडते. अमेरिकेतील अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘आपल्याला हे जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः काही जमवून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्याला ते जमताना पाहणे, मानलेल्या माणसाचा धीराचा शब्द, आणि स्वतःच्या शरीराची चाहूल. आखाड्यात चारही एकाच जागी होते. काल वीस जोर निघाले, आज पंचवीस. शेजारच्या गल्लीतला पट्ठा मल्लखांबावर चढलेला डोळ्यांसमोर. वस्तादाची थाप पाठीवर. आणि पहिल्या दिवशी ज्या बैठकांनी छाती भरून आली, त्याच महिनाभराने सहज निघतात. कुस्तीत आणखी एक गोष्ट मिळे: चितपट होऊन, माती झटकून, दुसऱ्या दिवशी पुन्हा हौद्यात उतरण्याची सवय. भीती मोडण्याचे याहून चांगले शिक्षण खेड्यात दुसरे नव्हते. या परंपरेची उणीवही मोठी होती. लाल मातीचा हौदा बहुतेक गावांत पुरुषांपुरताच राहिला.

आज वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांत जिम आहेत. डंबेल, बेंच, ट्रेडमिल आणि चारी भिंतींना आरसे. तिथे वजन वाढवत नेण्याचा क्रम आखाड्यासारखाच आहे आणि त्याचा गुणही तसाच येतो. फरक पडतो तो शिकवणाऱ्यात. अनेक ठिकाणी पोरे मोबाईलवरचे व्हिडिओ बघून वजने उचलतात, आणि दंडाचे माप हेच प्रगतीचे माप होऊन बसते. आखाड्यात माप होते ते कौशल्याचे, आणि ते मोजायला वस्ताद समोर उभा असे.

खेड्यांतील मुलामुलींना व्यायामाची सर्वांत मोठी निकड आता पोलीस भरतीसाठी असते. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यासाठी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्यांत मुली असतात, आणि आखाड्याच्या इतिहासात जे घडले नाही ते या धावण्याने घडवले आहे. गावासमोर ट्रॅकपँट घालून धावणे, हीच त्यांतल्या पुष्कळ जणींची पहिली परीक्षा असते.

व्यायामशाळांच्या इमारती आणि साहित्यासाठी राज्य सरकार अनुदान देते. पण कुलूप लावलेल्या खोलीतली यंत्रे कोणाला काही शिकवत नाहीत. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन दरवर्षी तरुण-तरुणी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी एखाद्याला मानधन देऊन गावच्या व्यायामशाळेत सकाळ-संध्याकाळ नेमावे, आणि मुलींसाठी वेळ राखून ठेवावी. जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी एवढे तरी मनावर घ्यावे.