राळेतील दप्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे १९२६ च्या अखेरीस धुळे येथे वारले, आणि त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांच्या रक्षणासाठी पुढल्याच वर्षी त्या गावी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले, ही गोष्ट खानदेशातील सुशिक्षित कुटुंबांस सांगावयास नको. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. जुन्या वाड्याच्या माळ्यावर रुमालात बांधून पडलेला कागद ज्याच्या घरी असतो त्याला तो बहुधा रद्दीच वाटतो. आणि वाळवी, पाऊस व चूल या तिघांपैकी कोणीतरी एक त्याचा निकाल लावते. तत्पूर्वी जाणत्या माणसाच्या हाती तो पडला, तरच तो साधनाच्या पदवीस चढतो.

हा न्याय केवळ मोडी कागदांनाच लागू आहे असे मात्र नाही. मनुष्यप्राणी ज्या काळी पृथ्वीवर अवतरलाही नव्हता, त्या काळाचेही दप्तर असते. ते कोणी लिहून ठेवलेले नसते, एवढाच फरक. अशाच एका दप्तराची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

खानदेशची भूमी या बाबतीत मोठी अबोल आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरून आपला हा दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. जळगाव जिल्ह्यात विहीर खणणाऱ्याची अखेरीस गाठ पडते ती याच पाषाणाशी. धुळे व नंदुरबार या भागांत माळावर भिंतीसारखे लांबच लांब उभे असलेले दगडी कणे दिसतात. लाव्हारस ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांतच तो थिजून ते झालेले आहेत. अग्नीपासून जन्मलेल्या अशा खडकाने जीवसृष्टीच्या खुणा जपाव्या, ही अपेक्षाच व्यर्थ होय. या पाषाणावर नद्यांनी पुढे आणून टाकलेल्या मातीत मात्र काही सापडते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७२-७३ साली पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले आणि त्यांपैकी एकावर माणसाने कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा आढळल्या. त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. गिरणेच्या खोऱ्यात एके काळी शहामृग फिरत होते, हे आपण जाणतो ते या कवचांवरून.

पंचवीस हजार वर्षे हा काळ इतिहासाच्या मापाने थोडा नव्हे. पण आपल्याला जावयाचे आहे ते याच्या दोन हजार पट मागे. त्यासाठी तापीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे उतरून सुरतेच्या ईशान्येस, मांगरोळ तालुक्यातील वस्तान या गावापर्यंत गेले पाहिजे. तेथे लिग्नाइट नावाच्या तपकिरी, कच्च्या कोळशाची मोठी खाण खोदली गेली. आपल्या पायाखालचा काळा पाषाण तिकडेही आहे. पण तो खोल तळाशी असून, त्याच्यावर चिखलाचे व कोळशाचे थर साचलेले आहेत. लाव्हारस निवाल्यानंतर कोटीभर वर्षांनी त्या पाषाणावर, उथळ समुद्राच्या काठी, घनदाट अरण्य माजले होते. कोळसा हे त्या अरण्याचे अवशेष. आणि त्या कोळशात पिवळसर, तांबूस रंगाचे जे खडे सापडतात, ती त्या अरण्यातील वृक्षांची राळ होय.

राळ कशी टिकते, हे कळण्यास आपल्या घरातील डिंकाचे उदाहरण पुरे आहे. थंडीत लाडवांसाठी आपण आणतो तो धावड्याचा डिंक पाण्यात घातला की फुगतो व विरघळतो. राळेचे तसे नाही. तिच्यावर पाण्याची मात्रा चालत नाही. झाडाच्या सालीला जखम झाली की ती बुजविण्यासाठी राळ पाझरते. एखादी मुंगी किंवा चिलट तिच्यावर बसते आणि अडकते. वरून दुसरा ओघळ येतो आणि त्या जीवाला चोहो बाजूंनी झाकून टाकतो. पुढे ती गोळी चिखलात पुरली जाते, तिच्यातील उडून जाणारी द्रव्ये निघून जातात, आणि उरलेले कण एकमेकांत गुंफून लक्षावधी वर्षांत तिचा खडा बनतो. तोच तृणमणी. घासला असता तो गवताची काडी ओढून घेतो, म्हणून संस्कृतात त्याला हे नाव पडले. फारसीतील 'कहरुबा' या शब्दाचाही अर्थ 'गवत ओढणारा' असाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने हा वृक्षाचाच रस आहे असे सांगून, आत दिसणारे कीटक हा त्याचा पुरावा म्हणून पुढे केला होता.

वस्तानच्या तृणमण्याचा सविस्तर वृत्तांत २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे येस रुस्ट, लखनौच्या बिरबल सहानी संस्थेचे हुकम सिंह, गढवाल विद्यापीठाचे राजेंद्र सिंह राणा, न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे डेव्हिड ग्रिमाल्डी व त्यांचे अनेक सहकारी यांचे ते काम. खड्यांचे वय ५ कोटी ते ५ कोटी २० लक्ष वर्षे असल्याचे त्यांनी लिहिले; कीटक व तत्सम जीवांचे १४ गण, ५५ हून अधिक कुळे व शंभरावर जाती त्यांना आढळल्या. मुंग्या, वाळवी आणि मधमाशीच्या गोतावळ्यातील माशा, असे समाज करून राहणारे जीवही त्यांत होते. राळ कोणत्या वृक्षाची, याचाही रसायनावरून व सोबतच्या काष्ठावरून निर्णय झाला: ज्या कुळात आपला साल वृक्ष मोडतो, त्याच कुळातील वृक्षांची ती होती. बाल्टिक समुद्राकाठचा प्रसिद्ध तृणमणी इतका कठीण झालेला असतो की आतला जीव बाहेरूनच पाहावा लागतो. वस्तानचा खडा मात्र तितका पक्व नसल्यामुळे काही द्रावणांत विरघळतो, आणि पाच कोटी वर्षांपूर्वीचा कीटक सबंध बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो.

आता कोणी विचारील की, चिलटांच्या या मोजदादीत इतिहास तो कोणता? त्याचे उत्तर असे. भारतभूमी दक्षिणेकडील गोंडवन खंडापासून सुटून, कोट्यवधी वर्षे एकाकी बेटासारखी उत्तरेकडे सरकत गेली आणि शेवटी आशियाला भिडली, हे भूशास्त्राने ठरविले आहे. इतका काळ एकटी राहिलेली भूमी म्हणजे तिचे प्राणीही जगावेगळे असणार, असा तर्क स्वाभाविक होता. वस्तानचे अरण्य वाढत होते ते नेमके या मीलनाच्या सुमारास; म्हणून साक्ष मागावी तर त्याच्याकडेच. त्याने दिलेली साक्ष तर्काच्या उलट निघाली. त्या कीटकांचे नातलग उत्तर युरोपातील तृणमण्यात सापडतात, ऑस्ट्रेलियाकडील प्रदेशांत आजही आढळतात, उष्ण अमेरिकेतही मिळतात. अर्थात हा देश त्या वेळी समजला गेला होता तितका एकलकोंडा राहिलेला नव्हता. जीवांची ये-जा कोणत्या ना कोणत्या वाटेने चालू होती.

साक्षीदाराची मर्यादाही विसरून चालणार नाही. राळेत सापडतो तो झाडाच्या आसपास वावरणारा लहान जीव. मोठा जनावर तिच्यातून पाय सोडवून निघून जातो. वस्तानच्या मोठ्या प्राण्यांसाठी राळेबाहेरच्या थरांतील हाडे व दात शोधावे लागले, तेव्हा घोडा व गेंडा यांच्या पूर्वजांचा निकटचा आप्त असा कँबेथेरियम हाती लागला. आपल्या दप्तरांचेही असेच नाही काय? वतनाचा तंटा ज्याने केला त्याचे नाव कागदात राहते. ज्याने निमूटपणे शेत कसले त्याचे राहत नाही. इतिहासकाराला दप्तरात काय आहे याइतकाच, त्यात काय येऊ शकत नव्हते याचाही विचार करावा लागतो.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती मनाला लागणारी आहे. तृणमण्याला ग्रीक भाषेत 'इलेक्ट्रॉन' म्हणत. त्यावरूनच १६०० साली विल्यम गिल्बर्ट याने घर्षणाने ओढून घेण्याच्या गुणाला नाव दिले, आणि विजेचा युरोपीय शब्द त्यातून निघाला. वस्तानचा कोळसा खणला गेला तो वीज करण्यासाठीच! जवळच्या नानी नरोली येथील विद्युत्केंद्रात तो जाळण्यात आला. ज्या मण्याने विजेला नाव दिले, तोच मणी विजेच्या भट्टीच्या वाटेवर पडलेला होता. खाणीला केवळ दोष देणेही अन्यायाचे होईल, कारण ती खोदली गेली नसती तर हे दप्तर कोणाच्या दृष्टीसच पडते ना. उघडे करणारा हात आणि जाळणारा हात एकच होता. मधल्या थोड्या अवधीत काही माणसे चिखलात वाकून खडे वेचीत राहिली, म्हणून आज एवढे तरी ठाऊक आहे. न वेचलेल्यांत काय होते, ते आता कळावयाचे नाही.

राजवाड्यांची आठवण येते ती येथे. चुलीपाशी पोहोचण्यापूर्वी कागद गाठावयाचा, हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग होता. आपल्या खानदेशात विहिरी खणल्या जातात, नाल्यांतून वाळू उपसली जाते, रस्त्यांसाठी टेकड्या फुटतात. अशा वेळी एखादे विचित्र हाड, कवच किंवा रेघा असलेला दगड निघाला, तर तो जेथे व जितक्या खोलीवर मिळाला त्याची नोंद करून जवळच्या महाविद्यालयात किंवा संग्रहालयात दाखविण्याइतकी तसदी प्रत्येक घराला घेता येईल. पाटण्याचे कवच ओळखणारा डोळा वेळेवर तेथे नसता, तर तेही खापराच्या तुकड्यांबरोबर बांधावर फेकले गेले असते.