खुल्या गटातली जागा



जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव टीव्हीवर सारखं येत होतं. तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, “ती ग्रँडमास्टर झाली म्हणजे काय झालं गं? सरकारनं पुरस्कार दिला का?” त्या दिवशी आम्हाला नीट सांगता आलं नाही. म्हणून आज ही गोष्ट सांगतो.

ग्रँडमास्टर हा पुरस्कार नाही. ही कमवायची पदवी आहे. ती देते फिडे, म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना. ही संघटना १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाला रेटिंगचा आकडा मिळतो. जिंकलं की तो वाढतो, हरलं की उतरतो. ग्रँडमास्टर व्हायला हा आकडा एकदा तरी २५०० पर्यंत न्यावा लागतो. शिवाय तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे मोठ्या स्पर्धेत, वेगवेगळ्या देशांच्या तगड्या खेळाडूंपुढे, २६०० रेटिंगच्या तोडीचा खेळ करून दाखवणं. या सगळ्या स्पर्धा मिळून निदान २७ डाव व्हावे लागतात.

आपल्या गटाला कर्ज देताना बँक एका महिन्याची बचत बघून सही करत नाही. बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाच्या वह्या, अशी सगळी पंचसूत्री तपासते. हेही तसंच आहे. एका दिवसाच्या नशिबावर ही पदवी मिळत नाही. पण एकदा मिळाली की आयुष्यभर राहते. पुढे रेटिंग उतरलं तरी पदवी कुणी काढून घेत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. फिडेनं १९५० मध्ये पहिल्यांदा पदव्या दिल्या, तेव्हा २७ ग्रँडमास्टर झाले. सगळे पुरुष. बायकांसाठी महिला आंतरराष्ट्रीय मास्टर ही वेगळी पदवी ठेवली होती. १९७६ मध्ये महिला ग्रँडमास्टर ही पदवी आली. तिला आज २३०० रेटिंग लागतं, म्हणजे दोनशेनं कमी. ग्रामपंचायतीच्या भाषेत सांगायचं तर ही झाली महिला राखीव जागा. ग्रँडमास्टर ही सर्वसाधारण जागा, तिथं बाईही उभी राहू शकते. पण गावात काय म्हणतात? “तुमची राखीव आहे ना, मग इकडं कशाला?” बुद्धिबळातही हेच झालं.

मुंबईच्या खाडिलकर बहिणी आठवतात का? ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली. पुढची जवळपास दहा वर्षं हे विजेतेपद त्याच घरात राहिलं. १९७९ मध्ये जयश्री भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली.

पण त्याआधी, १९७६ मध्ये, धाकटी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. वय अवघं १३. त्यावरून गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगून टाकलं, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. हे महत्त्वाचं का? तर तगड्या खेळाडूंसमोर बसूच दिलं नाही, तर नॉर्म कुठून आणायचा आणि रेटिंग कुठून वाढवायचं? आधी पटासमोरची खुर्ची मिळायला हवी.

जगातली पहिली महिला ग्रँडमास्टर झाली जॉर्जिया देशाची नोना गाप्रिंदाश्विली. तिनं १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइनच्या स्पर्धेत पुरुषांबरोबर खेळून संयुक्त पहिला क्रमांक मिळवला. नियमाला लागणारे डाव थोडे कमी पडत होते, तरी १९७८ मध्ये फिडेनं तिला पदवी दिली. मग १९९१ मध्ये हंगेरीच्या सुसान आणि ज्युडिट पोल्गार या बहिणींनी सगळे नॉर्म आणि रेटिंग पुरं करून ही पदवी मिळवली.

नोनाची आणखी एक गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वी एका गाजलेल्या परदेशी मालिकेत म्हटलं, की ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही. नोना तेव्हा ऐंशीची. ती कोर्टात गेली. २०२२ मध्ये तडजोड झाली. कित्येक पुरुषांशी खेळलेले तिचे डाव नोंदलेले होते, म्हणून ती ठामपणे बोलू शकली. आपण प्रोसिडिंग बुक नीट लिहा म्हणून मागं लागतो, ते यासाठीच.

भारतात २००२ मध्ये आंध्रची कोनेरू हंपी पहिली महिला ग्रँडमास्टर झाली. वय १५. त्या वेळी इतक्या लहान वयात ही पदवी जगातल्या कुठल्याच मुलीला मिळाली नव्हती. २०११ मध्ये हरिका द्रोणवल्ली, २०२३ मध्ये आर. वैशाली आणि २०२५ मध्ये आपली दिव्या.

दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण महिला विश्वचषक जिंकणारीला थेट ग्रँडमास्टर पदवी देण्याचा नियम आहे. जॉर्जियातल्या बातुमी शहरात अंतिम सामना झाला, समोर खुद्द हंपी. मोठे दोन डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्या जिंकली. एक १९ वर्षांची मुलगी, दुसरी ३८ वर्षांची, बाळंतपणासाठी थांबून पुन्हा पटावर आलेली आई. दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. त्या ८८ मध्ये बायका किती? चार.

म्हणून एक सांगणं आहे. शाळेत, तालुक्याला बुद्धिबळाची स्पर्धा लागली, की फलकावर ‘खुला गट’ आणि ‘मुलींचा गट’ असं लिहिलेलं दिसतं. आपण खुला गट म्हणजे मुलांचा गट समजतो. तसं नाही. खुला म्हणजे सगळ्यांना खुला. मुलींचा गट असू द्या, त्यातून धीर येतो. पण पोरीला खुल्या गटात खेळायचं असेल, तर तिचं नाव द्या. कुणी “तुमचा गट तिकडं आहे” म्हणालं, तर रोहिणीची गोष्ट सांगा.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि कुणाची लेक खेळायला तयार आहे, ते प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा.