न झाडलेलं रिव्हॉल्वर

२००७ साली मी ऑनसाइटला हार्टफर्डमध्ये होतो. (इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर असलेल्या निम्म्या पुणेकरांनी हे गाव पाहिलेलं असणार!) हायवेवरून जाताना सोनेरी चांदण्या असलेला एक निळा, कांद्यासारखा घुमट दिसतो. मी दोन महिने त्याला रशियन चर्च समजत होतो. तो निघाला सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्वरच्या कारखान्याचा. असो.

मी ज्या आजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, त्यांच्याकडे एक कोल्ट होतं. मॉडेल १८५१ नेव्ही, सहा बारांचं, साडेसात इंची अष्टकोनी नळीचं. आजोबांनी १९६०च्या सुमारास हौसेने घेतलेलं. 'हे कधीच झाडलेलं नाही,' असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे म्हणे. ते गेल्यावर आजींनी ते विकायला काढलं. बघायला आलेल्या विक्रेत्याने दोन मिनिटांत निकाल दिला: झाडलेलं आहे, किंमत कमी होणार. आजींना पैशांचं एवढं नव्हतं. नवरा चाळीस वर्षं थापा मारत होता की काय, हे त्यांना लागलं होतं.

मग माझे तीन वीकेंड लायब्ररीत गेले.

नेव्ही हे काडतुसांच्या आधीच्या जमान्यातलं रिव्हॉल्वर. सिलिंडरच्या सहा घरांत पुढच्या बाजूने दारू आणि शिशाची गोळी ठासायची. मागे प्रत्येक घराला एक बारीक नळकांडी असते, तिला निपल म्हणतात. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

विक्रेत्याचे पुरावे दोन होते. एक, सिलिंडरभोवती उमटलेली बारीक रेघ. दोन, चेपलेली निपल्स. आता गंमत बघा. सिलिंडरला जागेवर अडकवणारी एक खिट्टी असते. घोडा मागे ओढला की सिलिंडर फिरतो आणि ती त्याला घासत जाते. रेघ पडते ती त्याने. रिकामं रिव्हॉल्वर सोफ्यावर बसून शंभर वेळा खटक-खटक केलं तरी तीच रेघ पडणार. निपलचं तर उलटंच. टोपी असेल तर घोड्याचा मार ती झेलते, निपल चेपतं ते टोपीशिवाय घोडा पाडल्यावर. टीव्हीवर काउबॉयचे सिनेमे जोरात असताना या घरात तीन मुलगे वाढले होते. आजींना हे सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, 'धाकटा!'

खरा पुरावा असतो तो राखेचा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर, घरांच्या कडांभोवती, काळसर कडी उमटतात. टोप्यांमधले क्षार निपलच्या आसपास आणि घोड्याच्या नाकावर लोखंड खातात, बारीक खड्डे पडतात. काळ्या दारूचा गाळ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे नळी वेळेवर धुतली नाही तर आतून गंजते. पण त्या काळातले जाणते लोक गरम पाण्याने धुवून, तेल लावूनच रिव्हॉल्वर ठेवायचे. नीट धुतलेल्या नळीत दीडशे वर्षांनी काय दिसणार? आणि कधीच न झाडलेलं रिव्हॉल्वर ओल्या तळघरात पडलं तरी गंजतंच की. आमच्या धंद्यातलंच जुनं दुखणं: बग सापडला तर 'आहे' म्हणता येतं, सापडला नाही म्हणून 'नाही' म्हणता येत नाही.

आजींचं रिव्हॉल्वर आतून स्वच्छ होतं. मी खुशीत ते टॉर्चखाली परत एकदा फिरवलं आणि नळीवरचा पत्ता वाचला. कर्नल कोल्ट, लंडन! हार्टफर्डच्या घुमटापासून दोन मैलांवरच्या घरात लंडनचं कोल्ट.

१८५१च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला आणि १८५३ मध्ये थेट थेम्सकाठी, पिमलिकोत कारखानाच घातला. १८५६च्या अखेरीस तो बंद पडला, पण तोवर तिथे सुमारे ४२,००० नेव्ही तयार झाली होती. त्यांना इंग्लंडचा कायदा लागू होता. तपासून शिक्का न मारलेली नळी विकणं तिथे १८१३ पासून गुन्हा. लंडनमध्ये ही तपासणी करायची ती १६३७ ची सनद असलेली बंदूकवाल्यांची कंपनी. तपासणी म्हणजे काय? नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा. फुटलं नाही तर मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी' असे शिक्के.

दोन्ही शिक्के आजींच्या रिव्हॉल्वरवर होते, नळीवरही आणि सिलिंडरवरही. म्हणजे ते झाडलेलं आहे हे खुद्द त्याच्या अंगावरच ठोकलेलं होतं, आणि विक्रेत्याने नेमकं तेवढंच वाचलं नव्हतं. आजकालची रिव्हॉल्वरंही चाचणीचा बार काढूनच कारखान्याबाहेर पडतात. बाजारात 'न झाडलेलं' याचा अर्थ 'कारखान्यानंतर न झाडलेलं' इतकाच असतो, आणि तेही बहुतेकदा कुणाच्या तरी तोंडी भरवशावर.

(उलटा बाजारही आहे. पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१च्या रात्री ज्या कोल्टने बिली द किडला मारलं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. तिथे पैसे मोजले ते झाडलं म्हणूनच!)

हे सगळं मी आजींना स्वयंपाकघरात बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, 'मग तो खोटं बोलला का?' मी म्हटलं, शिक्क्यांनंतर आजोबांनी घेईपर्यंतची शंभर वर्षं कुणालाच माहीत नाहीत, त्यांनाही नसणार.

पुढच्या वसंतात ते विकलं गेलं, दुसऱ्या एका विक्रेत्यामार्फत. वर्णनाच्या चिठ्ठीत त्याने 'कारखान्यानंतर न झाडलेलं' असं टाइप केलं होतं. आजींनी ते पेनाने खोडलं आणि वर आपल्या अक्षरात लिहिलं: '१९६० पासून आमच्या घरात. आम्ही झाडलं नाही.' विक्रेता म्हणाला, याने दोनशे डॉलर कमी येतील. त्या म्हणाल्या, येऊ देत.