दीड इंचाचे भिंग

सूर्यग्रहण म्हटले की आपल्या घरांत वेध पाळणे, लोणच्या-दुधात तुळशीपत्र टाकणे आणि मोक्षानंतर स्नान, एवढेच प्रथम आठवते. परंतु भगिनींनो, एका ग्रहणाने एका स्त्रीचे नाव ज्योतिषशास्त्रात कायमचे कोरले, आणि तेही आपल्या शेजारच्या वऱ्हाडात!

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेले ग्रहण खानदेशात खंडग्रास होते. खग्रासाचा पट्टा विजयदुर्ग, जेऊर व वऱ्हाडातून गेला. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉक्यर, तर जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. नायगमवाला यांनी दुर्बिणी लावल्या होत्या. आपल्या भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तळणी नावाचे लहानसे स्टेशन आहे. तेथे ॲनी माँडर ही आयरिश विदुषी पतीसह आली होती.

या बाईंचा जन्म १८६८ चा. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्यांनी गणिताची परीक्षा उत्तम रीतीने दिली. पण त्या काळी तेथे स्त्रियांना पदवीच मिळत नसे. १८९१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत दरमहा चार पौंडांवर त्या गणनेच्या कामास लागल्या. १८९५ मध्ये लग्न झाले आणि नियमाप्रमाणे नोकरी सुटली. काम मात्र सुटले नाही. गर्टनने दिलेल्या संशोधन-वेतनातून त्यांनी केवळ दीड इंच व्यासाच्या भिंगाचा लहान कॅमेरा सिद्ध केला.

एवढ्या लहान भिंगाने काय साधणार? सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजेच करोना, हे विरळ वायूचे वेष्टन दूरवर पसरलेले असते. मोठी दुर्बीण आकाशाचा लहानसा तुकडा मोठा करून दाखवते. बाईंना मात्र विस्तीर्ण आकाश एकाच काचेवर टिपायचे होते. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचे. तेवढ्यात त्यांनी टिपलेला एक किरण सूर्यापासून सुमारे साठ लक्ष मैल लांब निघाला. तोपर्यंत एवढा लांब किरण कोणाच्याही छायाचित्रात उतरला नव्हता.

तरीही १८९२ मध्ये ज्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सभासदत्व नाकारले होते, तिचे दार त्यांच्यासाठी उघडण्यास १९१६ साल उजाडावे लागले. १९४७ मध्ये त्या निवर्तल्या.

आता दोन मिनिटांसाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. दुर्बिणीतच चकती बसवून सूर्यबिंब झाकतात आणि ती दुर्बीण वातावरणापलीकडे धाडतात. मात्र अग्निबाणावर प्रत्येक किलोचा हिशोब असतो, म्हणून यंत्र हलके आणि तरीही न डगमगणारे करण्यात सारे कौशल्य. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आपल्या ‘आदित्य-एल१’ यानावर प्रभामंडल पाहणारी दुर्बीण आहे; त्याच यानावरील दुसरी, सूर्याचे खालचे थर पाहणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली. ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या युरोपच्या ‘प्रोबा-३’ ची तर दोन याने! दीडशे मीटर अंतर राखून एक दुसऱ्यावर सावली धरते, म्हणजे ग्रहणच घडवते.

सामग्री थोडी होती, पण नेमके काय पाहायचे हे बाईंना पक्के ठाऊक होते. तुटपुंज्या वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या मंडळासही एवढा धडा पुरे आहे. आता भुसावळहून नागपूरची गाडी धराल, तेव्हा वाटेत तळणीची पाटी दिसते का, ते अवश्य पाहा.