मतदानाविना वित्तचर्चा : नामदार गोखले यांची अंदाजपत्रकावरील भाषणे

हिंदुस्थानातील विधिमंडळांच्या इतिहासात सार्वजनिक खर्चाच्या चर्चेला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय सामान्यतः गोपाळ कृष्ण गोखले यांना दिले जाते. हे श्रेय योग्यच आहे. परंतु ते देताना एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. गोखले १९०२ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रथम बोलले, त्या वेळी त्या मंडळाला खर्चाचा एक रुपयाही कमी करण्याचा अधिकार नव्हता. अधिकाराच्या अभावी वित्तचर्चेने काय साधते व काय साधत नाही, हा प्रश्न त्यांच्या भाषणांचे मोल ठरविताना मध्यवर्ती मानला पाहिजे.

१८६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मंडळात नवा कर बसवावयाचा असेल तेव्हाच वित्तविषयक चर्चेला वाव मिळत असे. १८९२ च्या कायद्याने दरवर्षी अंदाजपत्रकावर भाषण करण्याची मुभा दिली. मात्र ठराव मांडता येत नसे आणि मतही घेतले जात नसे. सभासदाने आपले म्हणणे मांडावे, अर्थसचिवाने उत्तर द्यावे, गव्हर्नर जनरलने समारोप करावा आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे अमलात यावे, असा हा क्रम होता. मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते. फिरोजशहा मेहता निवृत्त झाल्यावर मुंबई इलाख्याच्या बिनसरकारी सभासदांची जागा गोखल्यांकडे आली आणि २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास लॉर्ड कर्झनच्या अध्यक्षतेखाली त्यांनी आपले पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले.

ह्या भाषणामागे दीर्घ तयारी होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून न्यायमूर्ती रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारी अहवालांतील आकड्यांवरूनच सरकारी धोरणाची चिकित्सा करण्याची पद्धती रूढ केली होती. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे लंडन येथे दिलेल्या साक्षीत गोखल्यांनी तीच पद्धती वापरली. १९०२ च्या भाषणाच्या वेळी रानडे हयात नव्हते. जोशी यांचे साहाय्य मात्र गोखल्यांना लाभले होते.

त्या वर्षीच्या सुधारित अंदाजात सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. अर्थसचिव सर एडवर्ड लॉ यांचे ह्याबद्दल अभिनंदन होत असताना गोखल्यांनी त्यात सामील होण्यास नकार दिला. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आणि प्लेग यांनी रयत गांजलेली असताना तिजोरीत एवढी रक्कम उरते कशी, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी हुंडणावळीच्या दरात शोधले. इंग्लंडमध्ये करावयाचा खर्च पौंडांत द्यावा लागत असे. १८९४-९५ मध्ये रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सांवर आला होता, म्हणजे १ पौंडासाठी १८ रुपयांहून अधिक मोजावे लागत. टांकसाळी १८९३ मध्येच बंद झाल्या होत्या आणि पुढे भाव १६ पेन्सांपर्यंत चढल्यावर तेवढ्याच पौंडाला १५ रुपये पुरू लागले. परंतु रुपया घसरत असताना वाढविलेले कर तसेच राहिले. मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता, तो अडीचच राहिला. तात्पर्य, शिल्लक हे भरभराटीचे लक्षण नसून गरज संपल्यावरही चालू ठेवलेल्या करांचे फल होते.

ह्या युक्तिवादाचे दुसरे अंग अधिक मार्मिक आहे. अशी शिल्लक दुहेरी अन्यायकारक आहे, असे गोखल्यांचे प्रतिपादन होते. संकटकाळी लोकांकडून जरुरीपेक्षा अधिक घेतले जाते, हा पहिला अन्याय. आणि त्याच शिलकीकडे बोट दाखवून देश संपन्न असल्याचा निष्कर्ष काढला जातो, हा दुसरा. आकड्यांच्या खरेखोटेपणाविषयी येथे वाद नव्हता. वाद आकड्याच्या अर्थाविषयी होता. सरकारी पत्रकातील 'शिल्लक' ह्या शब्दाला चिकटलेला समृद्धीचा अर्थ गोखल्यांनी सोडवून घेतला, आणि तोही सरकारच्याच आकड्यांच्या साहाय्याने. गव्हर्नर जनरलला उद्देशून केलेल्या संबोधनांतील आदब शेवटपर्यंत ढळत नाही. टीकेची धार विशेषणांत नसून गणितात आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील ह्या प्राध्यापकाने शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मागण्या स्पष्ट होत्या : मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर न्यावी, देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के जकात रद्द करावी, जमीनमहसुलात सूट द्यावी आणि लष्करी खर्चास आळा घालावा. १९०३ मध्ये मिठावरील कर २ रुपये झाला व प्राप्तिकराची मर्यादा १००० रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मिठाचा दर दीड रुपया व १९०७ मध्ये १ रुपया झाला. कर घटताच मिठाचा खप वाढला, ह्या अनुभवाचा गोखल्यांनी पुढील भाषणांत पुनःपुन्हा आधार घेतला.

तथापि ह्या सवलती केवळ गोखल्यांच्या भाषणांमुळे मिळाल्या, असे विधान इतिहासाच्या कसोटीस उतरणार नाही. १९०३ च्या दिल्ली दरबारात करमाफी जाहीर करण्याची कर्झनची स्वतःचीच इच्छा होती आणि तिला भारतमंत्र्यांनी विरोध केला होता. म्हणजे सरकारच्या अंतर्गतही करकपातीला अनुकूल असा पक्ष होता. गोखल्यांनी तिची कारणमीमांसा सार्वजनिक केली आणि ती टाळणे अवघड केले. जेथे असा अनुकूल पक्ष नव्हता, तेथे तोच युक्तिवाद निष्फळ ठरला. लष्करी खर्चाचे धोरण साम्राज्याच्या गरजांनी बांधलेले होते. कापडावरील जकातीमागे लँकेशायरचे हितसंबंध उभे होते आणि ती गोखल्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९२५ मध्ये स्थगित झाली. सारांश, जमेच्या बाजूस काही सवलती मिळाल्या. खर्चाच्या बाजूचा मूळ सांगाडा हलला नाही.

१९०९ च्या कायद्याने ठराव मांडण्याचा व त्यावर मत घेण्याचा अधिकार दिला. मध्यवर्ती मंडळातील सरकारी बहुमत मात्र कायम ठेवले. गोखल्यांचा भर आता शिलकीच्या विनियोगावर, विशेषतः प्राथमिक शिक्षणावर होता. बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये शिक्षण सर्वत्र सक्तीचे केल्याचे उदाहरण समोर होते. मार्च १९१० चा ठराव त्यांनी परत घेतला. १६ मार्च १९११ रोजी विधेयक मांडले. त्यातील सक्ती ऐच्छिक स्वरूपाची होती. स्थानिक संस्थांना वाटल्यास त्यांनी सरकारच्या संमतीने ६ ते १० वर्षांच्या मुलांपुरती ती लागू करावी, आणि खर्चाचा एकतृतीयांश स्थानिक संस्थेने व दोनतृतीयांश सरकारने सोसावा, अशी योजना होती. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने ह्या स्वरूपाचा कायदा १९१८ मध्ये झाला.

गोखल्यांचे निधन १९ फेब्रुवारी १९१५ रोजी झाले. पुढील वर्षीच मिठावरील कर सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये तो पुन्हा अडीच रुपयांवर, म्हणजे १९०२ च्याच पातळीवर नेण्यात आला. ह्या वेळी मध्यवर्ती विधानसभेत निर्वाचितांचे बहुमत होते व सभेने वाढ नाकारलीही होती. परंतु लॉर्ड रीडिंगने आपल्या विशेषाधिकाराने ती अमलात आणली. दुसऱ्या वर्षी दर सव्वा रुपयावर उतरला खरा, पण युक्तिवादाने मिळविलेली सवलत अधिकाराच्या अभावी किती अस्थिर असते, हे ह्या एका दरावरून सिद्ध झाले.

म्हणून गोखल्यांच्या कार्याचे माप केवळ कमी झालेल्या करांनी घेणे अपुरे आहे. खर्चाच्या प्रत्येक कलमाचे समर्थन सरकारने लोकांच्या स्थितीच्या संदर्भात केले पाहिजे, ही अपेक्षा त्यांनी मताचा अधिकार येण्यापूर्वीच चर्चेत रुजविली. भारतीय संविधानाच्या ११३ व्या अनुच्छेदाने अनुदानाच्या मागण्या मान्य, अमान्य अथवा कमी करण्याचा अधिकार लोकसभेला दिला. १९०२ च्या मंडळात चिकित्सा होती, अधिकार नव्हता. अधिकार असूनही जेथे मागण्या चर्चेविना संमत होतात, तेथे नेमकी उलट उणीव उरते. ह्या दोहोंतील संबंध समजून घेण्यासाठी ती भाषणे आजही मुळातून अभ्यासण्यासारखी आहेत.